टीव्हीचा संगणक उशिरा सुरू होतो? आधी घड्याळ पाहा, मग स्क्रू-ड्रायव्हर उचला

दिवाणखान्यातल्या टीव्हीला संगणक जोडून त्यावर चित्रपट, लग्नाचे चित्रण, मुलांच्या अभ्यासाचे धडे पाहण्याची सोय आता अनेक घरांत झालेली आहे. बहुधा हा संगणक नवा नसतो. एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला आठ-दहा वर्षांचा संगणक स्वस्तात घेतला जातो, त्यात मोठी हार्ड डिस्क बसवली जाते आणि एचडीएमआय केबलने तो टीव्हीला जोडला जातो. असे संगणक तयार करून देणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हा लहान दुकानदारांना व कारागिरांना परवडणारा धंदा आहे.

या धंद्यात एक तक्रार वरचेवर ऐकू येते. बटण दाबल्यावर चित्र दिसायला तीन-चार मिनिटे लागतात. टीव्ही लावला की चित्र आले पाहिजे, अशी घरातल्या माणसांची सवय असते. पाहुणे बसलेले आहेत आणि पडदा काळाच आहे, असे दोन-चार वेळा झाले की ग्राहक संगणक उचलून दुकानात आणतो.

यावर अनेक ठिकाणी दोनच ठराविक उपाय केले जातात. विंडोज पुसून पुन्हा टाकली जाते, किंवा 'संगणक जुना झाला, नवा घ्या' असे सांगितले जाते. पहिल्या उपायाने थोडे दिवस बरे वाटते. परंतु मूळ दोष तसाच राहिला असेल तर महिन्याभरात तोच ग्राहक तीच तक्रार घेऊन परत येतो. दुसऱ्या उपायाने ग्राहकाचा मोठा खर्च होतो आणि दोष टीव्हीत किंवा केबलमध्ये असेल तर नवा संगणकही तसाच वागतो. दोन्ही प्रकारांत पत जाते ती दुकानदाराची. नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याकडे लोक दुसऱ्यांदा जात नाहीत. म्हणून उशीर नेमका कोठे होतो हे आधी शोधणे आवश्यक आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मोबाइलमधले घड्याळ आणि एक वही पुरेशी आहे.

वेळेचे चार टप्पे

बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा वेळ चार टप्प्यांत विभागता येतो.

पहिला टप्पा बायोसचा. मदरबोर्डवरील हा मूळ कार्यक्रम मेमरी, डिस्क, कीबोर्ड, कार्डे यांची हजेरी घेतो. नव्या संगणकांत त्याचे नाव यूईएफआय असे आहे, तरी बाजारात सर्वजण बायोसच म्हणतात. दुसरा टप्पा विंडोज डिस्कवरून वाचली जाण्याचा. पडद्यावर गोल फिरणारे ठिपके दिसतात तो हा काळ. तिसरा टप्पा डेस्कटॉप दिसल्यानंतरचा. पडदा आलेला असतो, पण माऊस अडखळतो आणि चित्रपटाचा कार्यक्रम उघडत नाही. चौथा टप्पा टीव्हीचा. संगणक तयार होऊन बसलेला असतो, पण टीव्ही किंवा मधला ॲम्प्लिफायर चित्र उशिरा दाखवतो. हा टप्पा टीव्हीला जोडलेल्या संगणकातच विशेष जाणवतो आणि पुष्कळदा त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

या चारही टप्प्यांचे सेकंद वेगवेगळे लिहून काढावेत. व्यापारी जसा रोजचा जमाखर्च मांडतो, तसाच हा वेळेचा जमाखर्च आहे. जेथे सर्वांत मोठा आकडा असेल तेथेच आधी हात घालावा.

मोजताना होणारी गफलत

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आलेली आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर एका फाइलमध्ये जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. त्यामुळे एकदा शट डाउन करून आणि एकदा रीस्टार्ट करून मोजले तर आकडे जुळत नाहीत. दोन्ही प्रकारे मोजून वहीत वेगळे लिहावे. रीस्टार्टने संगणक चटकन सुरू होतो आणि शट डाउननंतर मात्र उशीर होतो किंवा तो अडकतो, असे उलटे दिसले तर फास्ट स्टार्टअप आणि एखादा ड्रायव्हर यांचे जमत नाही असा संशय घ्यावा. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती सोय बंद करून पाहावी.

विंडोज १० आणि ११ मध्ये काही आकडे तयारच मिळतात. टास्क मॅनेजर उघडून 'स्टार्टअप' या भागात गेल्यास 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंद लिहिलेले असतात. तोच पहिला टप्पा. संगणक जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालत असेल तर हा आकडा दिसत नाही, तेथे घड्याळच वापरावे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' या नोंदवहीत घटना क्रमांक १०० शोधावी. विंडोज सुरू व्हायला किती वेळ लागला हे तेथे मिलिसेकंदांत असते. ४५,००० म्हणजे ४५ सेकंद. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांत 'सिस्टमडी-ॲनलाइझ' ही आज्ञा दिली की हाच हिशेब मिळतो.

पहिला टप्पा : बायोस

येथे पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ जात असेल तर विंडोज पुन्हा टाकून काहीही उपयोग नाही, कारण विंडोजची पाळी अजून आलेलीच नसते.

प्रथम संगणक बंद करून सर्व यूएसबी वस्तू काढाव्यात आणि पुन्हा मोजावे. बाहेरची हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, रिमोटचा रिसीव्हर यांपैकी एखादी वस्तू हजेरीला उशिरा उत्तर देत असेल तर बायोस तिच्यासाठी थांबून राहते. मग एक-एक वस्तू परत लावून दोषी कोण ते ठरवावे.

त्यानंतर बायोसमध्ये जाऊन सुरू होण्याचा क्रम पाहावा. विंडोज असलेली डिस्क सर्वांत वर हवी. 'नेटवर्क बूट' किंवा 'पीएक्सई' वर असेल तर संगणक आधी नेटवर्कवर सर्व्हर शोधत बसतो. कार्यालयातून आलेल्या संगणकांत ही सोय पुष्कळदा चालू असते. घरी तिचे काही काम नाही. जास्त डिस्का जोडण्यासाठी वेगळे कार्ड बसवले असेल तर ते कार्डही स्वतःची हजेरी घेते आणि त्यात वेळ जातो. त्या कार्डावरून विंडोज सुरू होत नसेल तर त्याचा 'ऑप्शन रॉम' बंद करता येतो.

तारीख आणि वेळ वारंवार चुकत असेल तर मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला आहे असे समजावे. वीज पूर्ण बंद झाली की बायोसची मांडणी पुसली जाते आणि ती कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जाते. त्यामुळे नेटवर्क बूट पुन्हा चालू होऊ शकते. काही वेळा डिस्कची साटा पद्धतही बदलते आणि मग विंडोज सुरूच होत नाही. विंडोज बिघडली असे समजून ती पुसण्याच्या अगोदर हा सेल बदलावा आणि मांडणी पूर्ववत करावी. साटाची पद्धत उगाच बदलून पाहू नये.

नव्या डीडीआर ५ मेमरीच्या संगणकांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेमरी बसवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड तिची जुळवणी करतो आणि त्याला काही मिनिटेही लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळा राहतो. हा दोष नव्हे. मध्येच बटण दाबून संगणक बंद करू नये.

दुसरा टप्पा : डिस्क

जुन्या संगणकात विंडोज हार्ड डिस्कवर असेल तर उशिराचे मुख्य कारण बहुधा येथेच सापडते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारी सुई इकडून तिकडे सरकते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८ मिलिसेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद जातात. सुई सरकण्याचा वेळ साधारण ८-९ मिलिसेकंद धरला तर एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद लागले. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचे असेल तर सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वाचने होतात. विंडोज सुरू होताना हजारो लहानसहान फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे ती सेकंदाला हजारो वाचने सहज करते. म्हणून जुन्या संगणकातही विंडोज एसएसडीवर घेतली की फरक लगेच दिसतो. चित्रपट मात्र मोठ्या हार्ड डिस्कवरच ठेवावेत. चित्रपट सलग वाचला जातो आणि त्यासाठी हार्ड डिस्कचा वेग भरपूर आहे.

पण एसएसडी लावूनही उशीर होत असेल तर? कारागिराची खरी परीक्षा येथे होते. समजा, एका संगणकात विंडोज एसएसडीवर आहे आणि चित्रपटांच्या दोन जुन्या हार्ड डिस्का आहेत. मोजल्यावर पहिला टप्पा ५० सेकंद, दुसरा ४०, तिसरा २५ आणि टीव्हीचा ५, एकूण १२० सेकंद भरले. संगणक बंद करून त्यातील एका हार्ड डिस्कची केबल काढली आणि पुन्हा मोजले. आता पहिला टप्पा १४ आणि दुसरा १८ सेकंदांवर आला. एकूण ६२ सेकंद झाले. विंडोज त्या डिस्कवर नव्हती, तरी त्या डिस्कपायी जवळजवळ एक मिनिट जात होते. आजारी डिस्क हजेरीला वेळेवर उत्तर देत नाही. बायोस तिची वाट पाहते आणि नंतर विंडोजही पाहते.

अशा वेळी डिस्कची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क 'स्मार्ट' नावाची नोंद स्वतःच ठेवत असते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत कार्यक्रमात ती दिसते. 'करंट पेंडिंग सेक्टर' आणि 'रिअलोकेटेड सेक्टर्स' या दोन ओळी पाहाव्यात. तेथे शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्क शेवटाकडे चालली आहे. 'सीआरसी एरर' चा आकडा वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून साटा केबलचा असण्याची शक्यता जास्त. नवी केबल लावावी आणि काही दिवसांनी आकडा पुन्हा पाहावा. जुना आकडा शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबला तर काम झाले. थोड्या पैशांच्या केबलसाठी ग्राहकाच्या गळ्यात नवी डिस्क मारली जाऊ नये.

आधी प्रत, मग दुरुस्ती

डिस्क आजारी दिसली की तिच्यावर दुरुस्तीचा कोणताही कार्यक्रम चालवू नये. अशा कार्यक्रमांत संपूर्ण डिस्क घासून वाचली जाते आणि उरलेसुरले प्राणही जातात. प्रथम दुसऱ्या चांगल्या डिस्कवर प्रत काढावी. ज्या फाइली पुन्हा मिळणार नाहीत त्या आधी घ्याव्यात. चित्रपट पुन्हा मिळेल. वडिलांचा आवाज असलेले लग्नाचे चित्रण पुन्हा मिळणार नाही. ग्राहक दुकानात ठेवून जातो ती त्याची अमानत आहे. संगणक सुरू व्हायला उशीर होतो एवढीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या घरातील आठवणी आपल्या हातून पुसल्या गेल्या, तर दोन मिनिटे वाचवून देण्याला काय अर्थ राहिला? म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी 'तुमच्या फाइलींची दुसरी प्रत आहे काय?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

तिसरा टप्पा : डेस्कटॉप आल्यानंतर

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे कार्यक्रम दिसतात. प्रिंटरचा सहायक, गप्पांचे कार्यक्रम, खेळांची दुकाने यांची टीव्हीच्या संगणकाला गरज नसते. ती बंद करावीत. बंद करणे म्हणजे काढून टाकणे नव्हे. काही अडले तर परत चालू करता येते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालत असतील तर एक काढून टाकावा. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर बहुतेक घरांना पुरेसा आहे.

चित्रपट दुसऱ्या संगणकावर किंवा नेटवर्कवरील डिस्कवर ठेवलेले असतील तर आणखी एक अडचण येते. विंडोज सुरू होताना नेटवर्क ड्राइव्ह शोधते आणि ती डिस्क झोपलेली असेल तर वाट पाहते. असा ड्राइव्ह काढून टाकावा आणि चित्रपटाच्या कार्यक्रमातच नेटवर्कचा पत्ता द्यावा. 'कोडी' वापरत असल्यास 'अपडेट लायब्ररी ऑन स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असेल तर सुरू होताच सर्व फोल्डर तपासले जातात आणि पहिली काही मिनिटे संगणक जड चालतो.

मेमरी ४ जीबी असेल तर आजची विंडोज तिच्यात मावत नाही आणि उरलेले काम डिस्कवर ढकलते. ८ जीबी असावी. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाचा पंखा धुळीने भरतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. ब्रशने धूळ काढणे व कपाटाला मागून हवा मोकळी ठेवणे याला खर्च येत नाही.

चौथा टप्पा : टीव्ही आणि केबल

संगणकाला साधा मॉनिटर लावून मोजावे. मॉनिटरवर चित्र ३० सेकंदांत येते आणि टीव्हीवर ५० सेकंदांत, तर वरचे २० सेकंद संगणकाचे नाहीत. एचडीएमआयमधून दोन्ही यंत्रे प्रथम एकमेकांची ओळख करून घेतात. टीव्ही आपल्याला कोणत्या आकाराचे चित्र आणि कोणता आवाज चालतो हे सांगतो, मग संगणक तसे चित्र पाठवतो. मध्ये ॲम्प्लिफायर असेल तर ही बोलणी दोनदा होतात. टीव्ही बंद असताना संगणक सुरू केला तर काही वेळा त्याला पडदाच सापडत नाही. यासाठी क्रम सोपा आहे. आधी टीव्ही, मग ॲम्प्लिफायर आणि शेवटी संगणक लावावा. तरीही उशीर होत असेल तर संगणक थेट टीव्हीला जोडून पाहावा आणि केबल बदलून पाहावी.

बंदच का करावा?

रोज वापरल्या जाणाऱ्या संगणकासाठी आणखी एक मार्ग आहे. त्याला शट डाउन न करता 'स्लीप' मध्ये ठेवावे. स्लीपमध्ये मेमरीपुरतीच वीज चालू राहते आणि संगणक काही सेकंदांत जागा होतो. समजा स्लीपमध्ये ३ वॅट वीज लागली, तर दिवसाचे चोवीस तास धरूनही महिन्याला दोन युनिटांच्या थोडे वर खर्च होतो. हाच संगणक ४० वॅटवर दिवसरात्र नुसता चालू ठेवला तर महिन्याला २९ युनिटे जातील. वीज वरचेवर जात असेल तेथे 'हायब्रिड स्लीप' चालू करावे. त्यात डिस्कवरही प्रत ठेवली जाते आणि वीज गेली तरी उघडलेले काम वाचते. मात्र आजारी डिस्क झाकण्यासाठी हा उपाय वापरू नये.

विंडोज १० ची मुदत

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ज्या घरी संगणक केवळ स्वतःकडचे चित्रपट व चित्रणे पाहण्यासाठी आहे, तेथे 'लिब्रइलेक' हा मोफत पर्याय सुचवता येतो. ही लहानशी लिनक्स थेट कोडी उघडते आणि जुन्या यंत्रावरही चटकन सुरू होते. तिच्यात 'वेट फॉर नेटवर्क' ही सोय चालू असेल तर नेटवर्क मिळेपर्यंत कोडी थांबते, तेव्हा तेही तपासावे. परंतु घरात पैसे भरून घेतलेल्या चित्रपटसेवा पाहिल्या जात असतील तर त्यांपैकी काही लिनक्सवर पूर्ण स्पष्ट चित्र देत नाहीत. हे ग्राहकाला आधी सांगावे. बदल करून झाल्यावर सांगितले तर ते निमित्त वाटते.

पावतीवर सेकंद लिहा

काम संपल्यावर पुन्हा चारही टप्पे मोजावेत आणि पावतीवर दोन ओळी लिहाव्यात. आणला तेव्हा किती सेकंद आणि दिला तेव्हा किती. काय बदलले तेही लिहावे आणि काढलेला सुटा भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. जुनी एसएसडी बसवली असेल तर तसे स्पष्ट सांगावे. स्मार्टच्या नोंदीत ती किती तास चालली हे लिहिलेले असतेच.

तपासणीची मजुरी वेगळी घेण्यात संकोच बाळगू नये. दोष नुसत्या केबलचा किंवा बायोसमधल्या एका खुणेचा निघाला तरी तो शोधण्यात कारागिराचे ज्ञान आणि वेळ खर्च झालेला असतो. ही मजुरी आधी ठरवून घेतली तर महागडा भाग विकून पैसे काढण्याची गरज उरत नाही. ग्राहकाचे पैसे वाचतात, दुकानदाराला कामाचा मोबदला मिळतो, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याचा संगणक बिघडला की तो माणूस स्वतः त्याला आपल्या दुकानाचा पत्ता देतो.